भरचौकातील मॉलची पारख

मागच्या दिवाळीत माझे हायस्कुलातील गणिताचे गुरुजी घरी आले होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली फंडाची रक्कम त्यांनी अजून जपून ठेवली आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावी भरचौकात एक मॉल उभा राहतो आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक गाळा विकत घ्यावा असा त्यांचा विचार होता. “तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, घेऊ की नको?” ज्यांच्या छडीच्या धाकाने मी त्रैराशिक शिकलो, त्यांना हिशेब मी काय सांगणार! म्हणून मी त्यांना मुंबईची एक हकिकत सांगितली. तीच आज आपणांस सांगतो.

१९९९ साली मुंबईत हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ नावाचा मॉल उघडला. देशातील अगदी पहिल्या मॉलांपैकी हा एक. सरकते जिने, थंड हवा, काचेची दालने. पाहावयास एवढी झुंबड उडाली की, ज्याच्याजवळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच फुकट आत सोडावे, इतरांकडून प्रवेशशुल्क घ्यावे, असा नियम सुरुवातीला करण्यात आला. टीका झाली आणि तो मागे घ्यावा लागला. पण त्या नियमाने एक गोष्ट उघड केली, असे मला वाटते. बघे पुष्कळ होते, गिऱ्हाइके थोडी.

पुढे दोनतीन किलोमीटरवर, लोअर परळला, जुन्या फिनिक्स गिरणीच्या आवारात दुसरा बाजार वाढू लागला. जेथे एके काळी साचे खडखडत, तेथे दुकाने आली. (१९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) ही जागा क्रॉसरोड्सपेक्षा कितीतरी मोठी. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंची स्थानके पायी जाण्याच्या अंतरावर. आधी स्वस्त मालाचे मोठे दुकान आणि सिनेमा, मागाहून उंची कपड्यांची दालने आणि हॉटेल, असा तो टप्प्याटप्प्याने वाढत गेला. क्रॉसरोड्सपाशी मात्र पहिलेपणाखेरीज दुसऱ्याला न उचलता येण्याजोगे फारसे काही नव्हते. सरकता जिना कोणीही बसवू शकतो! मॉल पुढे दुसऱ्या समूहाकडे गेला, नाव बदलून ‘सोबो सेंट्रल’ झाले, परंतु गाळे रिकामे होतच राहिले. २०२३ पर्यंत तेथे फारसे कोणी उरले नव्हते, आणि बँकेने कर्जवसुलीसाठी इमारत लिलावास काढली.

आता आपल्या आठवडी बाजाराकडे पाहा. बैलबाजार भरतो म्हणून चार गावची माणसे येतात. बैल घेणारा एखादाच, पण येणारा प्रत्येक जण भजी खातो, मिरची घेतो, लेकीला बांगड्या घेतो. उद्या बैलबाजार दुसरीकडे हलवला, तर भजीवाल्याचा काहीही दोष नसताना त्याची कढई थंड पडते. मॉलमध्येही असा एखादा ‘बैलबाजार’ लागतो, मोठे दुकान किंवा सिनेमागृह. म्हणून पहिला प्रश्न हा की, माणसे कशासाठी येणार, आणि ते आकर्षण किती वर्षांच्या कराराने बांधलेले आहे?

दुसरा प्रश्न मालकीचा, आणि गुरुजींच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा. जेथे सगळी इमारत एका धन्याची असते, तेथे तो गाळे भाड्याने देतो. पुष्कळदा ठरावीक भाडे किंवा विक्रीतील हिस्सा, यांपैकी जे जास्त ते घेतो. दुकान चालले तर त्यालाही लाभ, म्हणून कोणाशेजारी कोण बसावे, मुलांच्या खेळाला जागा कोठे द्यावी, याची चिंता तोच वाहतो. परंतु गाळे सुटे विकले की बिल्डर मोकळा झाला. कोणी गाळा बंद ठेवतो, कोणी त्यात गोदाम करतो. कुलूप लावलेल्या चार दारांशेजारी पाचवा दुकानदार कितीही गोड बोलला, तरी गिऱ्हाईक तेथवर येईलच कशाला? त्यातून तिसरा मजला!

आणि स्पर्धा काही दुसऱ्या मॉलशीच नसते. खालच्या पेठेत कापडवाला चार पिढ्या उधारी देतो, लग्नाचा बस्ता तेथेच बांधला जातो. खिशातल्या फोनवरून मागविलेला माल तर थेट वाडीवर येतो. मॉलचा देखभालखर्च मात्र दुकान चालो न चालो, द्यावाच लागतो.

गुरुजींना मी म्हणालो, “दुसऱ्या एखाद्या चालू मॉलमध्ये जा. रविवारी नको, मंगळवारी दुपारी जा. दाराशी बसा आणि बाहेर पडणाऱ्यांच्या हातांतील पिशव्या मोजा. मग वरच्या मजल्यापर्यंत चढून बंद दारे मोजा.” शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गांतील मुलांना घेऊन हा प्रयोग आपल्या गावच्या व्यापारी संकुलात करून पाहावा, शेकडेवारीचा पाठ आयताच होईल.

गुरुजी खरोखरच तीन मंगळवार जाऊन बसले. वहीत रकाने आखून, तारीखवार. ती वही त्यांनी मला आणून दाखविली. आकडे पाहून मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. फंडाची रक्कम अजून बँकेतच आहे. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला फोन करतो, आणि गुरुजी त्याला दर वेळी एकच विचारतात, “खालच्या मजल्यावरचे मोठे दुकान कोणाचे, आणि त्याचा करार किती वर्षांचा?”