जमिनीची उंची आणि धुऱ्याची रेघ



अध्यक्षपदाचा मान दिलात याबद्दल मी ऋणी आहे. ही परिषद पुण्या-नागपुरात न घेता यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर परसोपंतला घेतलीत, याचा मला विशेष आनंद आहे. मोजणीच्या शास्त्राशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे, पण आपल्या मुलांना ते फारसं कुणी सांगत नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. दक्षिणेकडून निघालेली त्यांची मुख्य त्रिकोणमाला ७८ अंश रेखांशाच्या आसपासनं उत्तरेकडे चढत गेली. ते रेखांश नेर आणि यवतमाळच्या मधून जातं. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारले, आणि त्यांची कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती माळ पुढे नेली. इथे जमलेल्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी हिंगणघाटला जाऊन यावं, अशी माझी इच्छा आहे.

शेतकऱ्याच्या जमिनीची मोजणी त्यानंतरची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १८६० नंतर इथे मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर शेतवार मोजणी झाली. तेहतीस फुटी साखळी, शंकू, टिपण, गुणाकार बुक. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. अक्षर न आलेल्या माणसालाही हे गणित तोंडपाठ होतं. साखळी त्याच्या डोळ्यांदेखत ओढली जायची. ती कुठे सैल पडली, कुठे खुंटी चुकली, हे धुऱ्यावर उभा असलेला शेजारी बोलून दाखवू शकत होता. ती मोजणी दीड शतक टिकली याला हेही एक कारण आहे, असं मी मानतो. माणसाला तपासता येतं त्यावरच त्याचा विश्वास बसतो.

आता आपल्या हाती ड्रोनखाली बसवलेला लायडार आला आहे. वावरावरून तो काही मिनिटांत निघून जातो. उरलेलं सगळं काम संगणकावर होतं आणि शेतकऱ्याला दिसतं फक्त शेवटचं रंगीत चित्र. हे चित्र त्याला तपासता येईल असं आपण कसं ठेवणार, एवढ्याच प्रश्नावर मला आज बोलायचं आहे.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो. ते दर सेकंदाला लाखो लेझर-स्पंद खाली सोडतं आणि प्रत्येक स्पंद परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. जाण्या-येण्याचा हिशेब धरला तर वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटरची चूक. पण नुसता वेळ बरोबर मोजून भागत नाही. स्पंद सुटला त्या क्षणी ड्रोन नेमकं कुठे होतं आणि किती कललेलं होतं, हेही कळावं लागतं. जागा उपग्रहांवरून कळते, कल आयएमयू नावाच्या छोट्या पेटीवरून. शंभर मीटर उंचीवर कलाच्या मापात एक दशांश अंश चूक झाली, तर जमिनीवरचा बिंदू सतरा सेंटीमीटर सरकतो. म्हणून कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे, लेझर किती बिंदू टिपतो हे विचारण्याआधी आयएमयूचा दर्जा विचारा.

लायडारचं खरं बळ एका गोष्टीत आहे. एकाच स्पंदाचा काही भाग झाडाच्या शेंड्यावरून परत येतो, काही फांदीवरून आणि उरलेला पार जमिनीवरून. छायाचित्रांवरून केलेलं प्रारूप झाडाच्या माथ्याशी थांबतं, लायडार मात्र पानांमधल्या फटींतून खाली उतरतो. आपला जिल्हा सागाचा. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तेव्हा उड्डाण केलं तर जंगलातला ओढा न ओढा हाती लागतो. तेच ऑगस्टमध्ये केलं तर सागाच्या रुंद पानांखाली फारच थोडे स्पंद पोचतात. शेताचंही तसंच आहे. दाटलेल्या सोयाबीनवरून यंत्र फिरवलं की संगणक पिकाच्या माथ्यालाच जमीन समजतो. तूर-हरभरा निघाला, पऱ्हाटी उपटली, वखरणी झाली आणि पहिला पाऊस यायचा आहे, तो काळ आपल्या कामाचा. परदेशी पुस्तकांतलं उड्डाणाचं वेळापत्रक इथे चालणार नाही.

हे तंत्र आपल्या आसपास येऊन गेलेलं आहे. मुंबई–नागपूर द्रुतगती रेल्वेच्या ७३६ किलोमीटरच्या नियोजित मार्गाचं हवाई लायडार सर्वेक्षण मार्च २०२१ मध्ये सुरू झालं. त्या मार्गावर पुलगाव आहे आणि आपल्या शेजारचं कारंजा लाडही आहे. केंद्रीय वन मंत्रालयासाठी वॅप्कोस या सरकारी कंपनीने २६ राज्यांतल्या वनक्षेत्राचं लायडार सर्वेक्षण हाती घेतलं. जंगलातच पाणी आणि चारा उभा राहावा, म्हणजे जनावर गावाकडे वळणार नाही, हा त्यामागचा हेतू. २०२१ मध्ये ज्या पहिल्या दहा राज्यांचे प्रकल्प अहवाल निघाले त्यांत महाराष्ट्र होता. टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण तर महाराष्ट्रानेच आधी करून पाहिलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तो प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. मात्र ते काम मुख्यतः छायाचित्रांवरचं आहे आणि गावठाणाला ते पुरतं. मोकळ्या गावठाणात लायडार लावून बिल वाढवण्याचं काहीच कारण नाही. जिथे झाडी आहे, नाला आहे, उताराचा प्रश्न आहे, तिथे लायडार लावावा.

आणि उताराचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. काळ्या जमिनीचा उतार इतका मंद की डोळ्याला शेत सपाट दिसतं, पण पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी तुंबून सोयाबीन पिवळं पडतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून माती वाहून जाते. उपग्रहावरून मिळणारे उंचीचे मोफत नकाशे साधारण ३० मीटरच्या चौकोनांचे असतात. असा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ नऊ गुंठे. त्यात धुरा दिसत नाही, चारी दिसत नाही, बुजलेला नाला तर मुळीच दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात पाणी कसं शिरलं ते आपण पाहिलं आहे. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरच्या लोकांना वाचवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती. पाणी कुठून येणार आणि कुठे साचणार, हे सांगण्यासाठी दहा सेंटीमीटरच्या आत अचूक अशी उंची लागते. नेमकी ती लायडार देतो.

गाळाची गोष्ट मला जास्त जवळची आहे. राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. गाळ किती निघाला हे ट्रॉल्या मोजून ठरवायचं की तलावाचा तळ मोजून? आपण वापरतो तो अवरक्त लेझर पाण्यात शोषला जातो, भरलेल्या तलावाचा तळ त्याला दिसत नाही. त्यासाठी हिरव्या लेझरचं फार महाग यंत्र लागतं. पण आपले गावतलाव आणि शेततळी मे महिन्यात कोरडी पडतात. जो कोरडेपणा एरवी आपल्या जिवावर उठतो, तोच मोजणीला सोयीचा आहे. गाळ काढण्याआधी एक उड्डाण आणि काढल्यावर एक, दोन पृष्ठभागांतला फरक म्हणजे निघालेला गाळ.

इथेच एक धोका आहे. एक हेक्टर तळावर उंचीत दहा सेंटीमीटरचा फरक म्हणजे १,००० घनमीटर गाळ. दोन उड्डाणांमध्ये आधारबिंदू पाच सेंटीमीटर वर-खाली धरला गेला, तर जमिनीतून एक घमेलंही न काढता कागदावर ५०० घनमीटर गाळ निघालेला दिसेल आणि त्याचं बिल होईल. उलटही होईल, कष्ट करणाऱ्याचे पैसे बुडतील. वणी-झरी पट्ट्यातल्या चुनखडीच्या खाणींचा हिशेबही याच जातीचा. मोठ्या खाणपट्ट्यांना २०२१ च्या नियमबदलापासून दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण सक्तीचं आहे. घनफळाच्या प्रत्येक कामात चुकीला सरळ पैशाचं रूप येतं, हे आपल्या व्यवसायाने विसरू नये.

आता धुरा. शेतकऱ्याला आपल्याकडून सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच. दोनशे मीटर लांबीचा धुरा एक फूट सरकला तर अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन इकडची तिकडे होते. त्यासाठी भाऊ भावाशी बोलत नाही, प्रकरणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. अशा घरात कुणी जाऊन म्हणालं की आमच्या ड्रोनने तीन सेंटीमीटर अचूक हद्द काढून देतो, तर तो त्या घराची फसवणूक करतो, मग तसा हेतू असो वा नसो. लायडारला धुऱ्याची माती दिसते. ती माती कुणी कधी सरकवली, मूळ हद्द कुठे होती, हे त्याला दिसू शकत नाही. ते अभिलेखात आहे. जुन्या गावनकाशांची एक रूढ मोजपट्टी मैलाला आठ इंचांची, म्हणजे १:७,९२०. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद होते. तो नकाशा संगणकावर चढवून त्याखाली लायडारचं चित्र ठेवलं, तर रेघ चार मीटरचीच राहते. खालचं चित्र अचूक आहे म्हणून वरची रेघ अचूक होत नाही. हद्द कायम करायची असेल तर टिपण काढा, त्यातली मापं वाचा, फाळणी पाहा, लगतच्या खातेदारांना नोटीस द्या आणि रोव्हर घेऊन वावरात उतरा. भूमापकाचं हे काम ड्रोन करू शकणार नाही, आणि ज्या तरुण सहकाऱ्यांना आपली नोकरी जाईल अशी धास्ती वाटते त्यांनी टिपण वाचायला नीट शिकावं. पांदण रस्त्यावर मात्र लायडार मोलाची मदत करील. बाभळींनी गिळलेल्या पांदणीची खोलगट रेघ जमिनीच्या प्रारूपात बऱ्याचदा स्पष्ट उमटते, आणि तहसीलदारांपुढे तो चांगला पूरक पुरावा होऊ शकतो.

मग तपासणीचं काय? पहिली गोष्ट, आधारबिंदू. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ पुरलेला दगड एका जागी राहत नाही. म्हणून आधारबिंदू मोऱ्यांच्या कठड्यावर, शाळेच्या जोत्यावर, हातपंपाच्या ओट्यावर घ्यावेत. दुसरी, उंची कशापासून मोजली ते लिहावं. उपग्रहावरून येणारी उंची गणिती लंबगोलापासूनची असते, पाणी मात्र समुद्रसपाटीच्या हिशेबाने वाहतं, आणि आपल्या भागात या दोहोंतला फरक पन्नास मीटरांहून अधिक आहे. एका गावात दोन ठेकेदारांनी दोन पद्धतींनी काम केलं तर त्यांचे नकाशे कधीच जुळणार नाहीत. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, काही बिंदू प्रक्रियेत मुळीच न वापरता बाजूला ठेवायचे, जुन्या लेव्हल मशीनने स्वतंत्र मोजायचे आणि येईल तो फरक अहवालाच्या पहिल्या पानावर छापायचा. यंत्राच्या माहितीपत्रकातला आकडा म्हणजे आपल्या कामाची अचूकता नव्हे.

राहिला माहितीच्या मालकीचा प्रश्न. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटीमीटर अचूकतेचं उंचीचं प्रारूप तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने आपली लायडार माहिती २०१५ मध्ये सर्वांना मोफत खुली केली. आपल्याकडे सार्वजनिक पैशातून झालेलं उंचीचं सर्वेक्षण ग्रामपंचायतीला मिळालं पाहिजे, नकाशाच्या रूपात आणि मूळ बिंदूंच्या रूपातही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला ते तपासायचं असेल तर मूळ बिंदूच लागतील. खासगी काम करणाऱ्यांनीही करारात हे कलम घालावं. ग्राहक मागत नाही, कारण ते मागता येतं हेच त्याला ठाऊक नसतं.

म्हणून या परिषदेपुढे एक काम ठेवतो. नेर तालुक्यातलं एक लहान पाणलोट क्षेत्र निवडू. येत्या मे महिन्यात, वखरणीनंतर आणि पावसाच्या आधी, त्यावर एकदा उड्डाण करू. परवानग्या, नोंदणीकृत ड्रोन, प्रशिक्षित वैमानिक, सगळं नियमानुसार. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू आणि आठवडाभर लेव्हल मशीन गावात ठेवू. कुणाही शेतकऱ्याने यावं आणि आपल्या वावरातल्या कोणत्याही बिंदूवर बोट ठेवावं. तो बिंदू त्याच्यासमोर मोजला जाईल आणि नकाशाशी आलेला फरक, कितीही असो, त्याच्या गट क्रमांकासह अहवालात छापला जाईल. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी सभा संपल्यावर इथेच थांबून नावं द्यावीत.