आधी संस्कृत, मग रसायनशास्त्र

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं गाव आठवतं. मी आज बोलणार आहे ते श्रीरामपूर बंगालमधलं. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं सेरामपूर झालं. पण दोनशे वर्षांपूर्वी हे गाव इंग्रजांचं नव्हतं, डेन्मार्कच्या राजाचं होतं. कंपनी सरकारला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघे या डॅनिश वसाहतीच्या आसऱ्याला आले.

केरींचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश. त्यामागे वैजनाथ पंडितांची मेहनत होती, हे विसरून चालणार नाही. याच केरींनी आपल्या दोन सोबत्यांसह १८१८ साली श्रीरामपूरला एक कॉलेज काढलं. सुरुवातीला विद्यार्थी होते अवघे ३७. निम्म्याहून थोडे अधिक ख्रिस्ती घरांतले, बाकीच्यांत बहुतेक हिंदू.

मिशनऱ्यांचं कॉलेज म्हटल्यावर तिथे काय शिकवत असतील, असं आपल्याला वाटेल? बायबल आणि इंग्रजी. बायबल होतंच. पण अभ्यासक्रमाचा कणा होता संस्कृतचा! व्याकरण, साहित्य, ज्योतिष, आणि ते शिकवायला पंडित. त्याच्या जोडीला भूगोल, खगोल, निसर्गविज्ञान हे युरोपीय विषय, तेही शक्यतो देशी भाषेतून. इंग्रजी सगळ्यांना नव्हतं. संस्कृतात ज्यांचा पाया पक्का झाला, अशा निवडक मुलांनीच ते शिकावं, अशी मूळ योजना होती.

यामागचा हिशोब सरळ होता. इंग्रजी शिकलेला मुलगा कारकुनी मिळाली की शिक्षण सोडतो आणि आपल्याच गावात उपरा होतो, हे त्यांनी कोलकात्यात पाहिलं होतं. उलट ज्याच्याजवळ संस्कृतची विद्या आहे, त्याचं म्हणणं पंडितांनाही ऐकून घ्यावं लागेल. त्यांचा अंतिम हेतू धर्मप्रसाराचा होता. तो त्यांनी कधी लपवला नाही आणि आपणही लपवू नये. पण त्यातून एक वेगळीच गोष्ट घडत होती. या मिशनचे पहिले बंगाली ख्रिस्ती कृष्ण पाल हे सुतार होते. अशा घरांतल्या मुलांना संस्कृत पाठशाळेचं दार कोण उघडणार होतं? इथे ती ब्राह्मण मुलांबरोबर तोच अभ्यास करू शकत होती. १८३३ सालच्या कॉलेजच्या नियमांत तर जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारायचा नाही, असं लिहूनच ठेवलं.

विज्ञानाकडे वळू. केरी स्वतः वनस्पतिशास्त्रात रमणारे. त्यांनी पाच एकरांची बाग लिनियसच्या वर्गीकरणानुसार लावली होती. रसायनशास्त्र शिकवायला १८२१ साली एडिंबरोला शिकलेले जॉन मॅक आले. प्रश्न होता शब्दांचा. बंगालीत ‘ऑक्सिजन’ला काय म्हणायचं? केरींचा मुलगा फेलिक्स याने थोडं आधी शरीररचनेवर बंगाली ग्रंथ लिहिताना संस्कृतावरून नवे शब्द घडवले होते. मॅकनी दुसरी वाट धरली. मूळ युरोपीय शब्द घ्यायचा आणि शेवट थोडा वळवून बंगालीत बसवायचा. त्यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक १८३४ साली इंग्रजी आणि बंगालीत एकत्र छापलं गेलं. प्राणवायू म्हणावं की ऑक्सिजन, हा आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांवरून अजून निघणारा वाद तिथे तेव्हाच सुरू झाला होता. मला स्वतःला मॅकची वाट अधिक व्यवहारी वाटते, पण फेलिक्सचे शब्द वाचताना मजा येते हेही खरं.

दरम्यान १८२७ साली डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने या लहानशा कॉलेजला सनद दिली आणि कोपनहेगन व कील इथल्या विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. मुंबई, कोलकाता, मद्रास ही विद्यापीठं निघायला अजून तीस वर्षं होती.

पण वारं फिरलं होतं. १८३० साली अलेक्झांडर डफ कोलकात्याला आले. सगळं उच्च शिक्षण इंग्रजीतून, हा त्यांचा आग्रह. ते श्रीरामपूरला म्हाताऱ्या केरींना भेटले आणि केरींनी त्यांना आशीर्वाद दिला! त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मुलांचे पालकही इंग्रजीच मागत होते, नोकऱ्या तिकडेच होत्या. १८३४ साली केरी वारले आणि पुढच्याच वर्षी मेकॉलेचं टिपण आलं. मुंबईतही पुढे हाच सामना रंगला. कॅप्टन जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे, सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे.

१८४५ साली डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकलं, पण कराराने सनद शाबूत राहिली. १८५७ नंतर कॉलेज कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांना मुलं बसवू लागलं. राजाने दिलेल्या अधिकाराचा वापर व्हायला १९१५ साल उजाडलं आणि त्या पदव्या होत्या धर्मशास्त्राच्या. पुण्यातल्या सेमिनरीतही श्रीरामपूरची ही पदवी घेता येते.

मॅक यांच्या रसायनशास्त्रावर ‘खंड पहिला’ असं छापलेलं आहे. त्यानंतर मॅक अकरा वर्षं हयात होते. दुसरा खंड निघाला नाही.