शीट फिल्म घरी धुताना

शीट फिल्मचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र चित्र. 4 × 5 इंची तुकडे घरी धुण्यास तीन-चार पसरट तबके पुरतात. मात्र काळोख पूर्ण हवा, कारण पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल दिवाही सहन करीत नाही. फिल्म उभी धरून खाचा उजवीकडे वर लागल्या, की लेपाची बाजू आपल्यासमोर आहे असे बोटांनीच ओळखावे.

प्रथम एकेक फिल्म साध्या पाण्यात भिजवावी. कोरड्या फिल्म एकदम डेव्हलपरमध्ये गेल्या तर परस्परांना चिकटतात. पुढे सर्वांत खालची काढून वर ठेवीत राहावे. खरा धोका येथेच. एकीचा कोपरा दुसरीच्या फुगलेल्या लेपावर ओरखडा काढतो, आणि तो कायमचा! नवख्याने एका वेळी एकच फिल्म धुवावी, हे बरे. उन्हाळ्यात द्रावण 20 अंश सेल्सियसवर राखण्यासाठी तबक बर्फाच्या पाण्यात ठेवावे. बर्फ द्रावणात टाकू नये. हायपो व धुलाई नेहमीप्रमाणेच.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन कॅलिफोर्नियातील कार्मेलजवळ 1938 साली बांधलेल्या घरी तबकांतच फिल्म धूत असत. केवळ घड्याळावर ते विसंबत नसत. मंद हिरव्या दिव्यासमोर फिल्म क्षणभर धरून तिची घनता ते डोळ्यांनी पाहात.