न दिसणारी अक्षरं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू नक्की काय काम करतेस गं?" असं सकाळपासून पाच जणांनी विचारलं. मी आयबीएमच्या मशीनवर आरपीजी या भाषेतले जुने प्रोग्रॅम सांभाळते. ही भाषा १९५९ची, आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी.

त्या मशीनवर प्रत्येक अक्षराला सोळाच्या पायाच्या पद्धतीत (हेक्समध्ये) लिहिलेला एक आकडा असतो. कोऱ्या जागेचा आकडा ४०. त्याखालचे आकडे अक्षरांचे नसतातच, ते हुकूम असतात. कुणीतरी एक्सेलमधून पत्ता चिकटवतो आणि त्याबरोबर 'नवी ओळ' हा २५ आकडा गुपचूप आत येतो. पडद्याला मात्र २५ म्हणजे 'इथून पुढे रंग उलटे कर आणि अधोरेखित कर' असा हुकूम वाटतो. २७ आला तर पुढचा मजकूर दिसतच नाही, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता गेला कुठे म्हणून माणसं शोधत बसतात.

उपाय सोपा वाटतो. एसक्यूएलमध्ये ट्रान्सलेट, आरपीजीत एक्सलेट. ४०च्या खालचं सगळं कोरं करायचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका रात्री मी तेच केलं आणि खुशीत घरी गेले.

सकाळी बिलांचा प्रोग्रॅम बंद. झालं असं होतं, की जागा वाचवायला कुणा जुन्या प्रोग्रॅमरनं अक्षरांच्याच रकान्यात शेवटी रक्कम कोंबून ठेवली होती. अशा 'पॅक' रकमेत एका बाइटमध्ये दोन अंक बसतात. १२५ ही रक्कम ००, १२, ५एफ अशी लिहिलेली. त्यातले ०० आणि १२ मला कचरा वाटले. ते ४० झाले, आणि १२५चे झाले ४०,४०५! याबद्दल मशीनची काही तक्रार नव्हती. ज्या रकमांचा शेवटचा अंक ० ते ३ होता, त्यांचं चिन्हही पुसलं गेलं, म्हणून प्रोग्रॅम अडला. तो अडला नसता तर ती बिलं लोकांच्या घरी गेली असती.

आदल्या रात्रीच्या टेपवरून फाइल परत आणली. साहेब ओरडले नाहीत. "हेक्समध्ये बघितलं होतंस का आधी?" एवढंच विचारलं. नव्हतं बघितलं. तेव्हापासून मी आधी हेक्स फंक्शननं बाइट बघते, किती ओळी आहेत ते मोजते, फाइलची प्रत काढते, मगच हात लावते. तरी ४१ चकवतोच! तो ४०च्या वरचा, पण दिसायला कोरी जागाच.

आता आजची गोष्ट. या मेळाव्याची यादी मीच जुळवली. आपल्या एका मैत्रिणीच्या आडनावात 'ऱ्ह' आहे. हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत मध्ये एक शून्य रुंदीचं, अजिबात न दिसणारं चिन्ह असतं. शाळेच्या यादीत एक तऱ्हा, फोनच्या यादीत दुसरी. डोळ्यांना नाव तेच, संगणकाला दोन वेगळी माणसं. तिचं नाव गळलं आणि सगळ्यांना निमंत्रण गेल्यावर बारा दिवसांनी तिला कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून. "मी कुणाला आठवत नसेन," असं वाटलं म्हणाली.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मी पुन्हा हेक्समध्ये बघितलं नव्हतं.

ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. फोनवर माफी मागितली होती, पण सर्वांसमोर पुन्हा मागते. आणि जेवताना माझ्या शेजारची जागा तुझी आहे गं.