गाडीची पुली बदलावी का?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपण १९९५ ला दहावी झालो तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे आपली बॅच जिल्ह्यापेक्षा जुनी. एवढ्या जुन्या माणसांसमोर संयोजकांनी मला "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग" म्हटलं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. पण दहा मिनिटं कोडबद्दल बोलले तर मागच्या दोन ओळी नाश्त्याकडे जातील. म्हणून आज पुलीबद्दल बोलते. शिकले मी मेकॅनिकल, त्यामुळे थोडा अधिकार आहे. शिवाय या विषयात माझी एक चूक झाली आहे. ती तुमच्यासमोर सांगायची आहे.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, गाड्यांचा वेडा. त्यानं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि ती "परफॉर्मन्स कार" करायला घेतली. मागच्या वर्षी त्याचा पुण्याला फोन आला. "आत्या, अंडरड्राइव्ह पुली बसवू का? पॉवर वाढते म्हणतात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरच्या पट्ट्यानं अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरतो. ही सगळी मंडळी इंजिनाची ताकद खातात. क्रँकची पुली लहान केली की ती हळू फिरतात, कमी खातात आणि वाचलेली ताकद चाकांकडे जाते. अंडरड्राइव्ह म्हणजे एवढंच. पिठाच्या गिरणीवर ज्यांनी पट्टा आणि पुली पाहिली आहे, त्यांना हे वेगळं शिकवायला नको.

मी मीटिंगमध्ये होते. घाईत म्हटलं, "तत्त्व बरोबर आहे, बसव." फोन ठेवला.

खरं तर हे उत्तर मला तेराव्या वर्षीच माहीत होतं. आमचं शेत तापीच्या काठी. आप्पांचं डिझेल इंजिन पट्ट्यानं पंप फिरवायचं. एका उन्हाळ्यात डिझेल परवडेना, म्हणून आप्पांनी इंजिनावरची पाच इंची पुली काढून चार इंची लावली. इंजिन एकदम हलकं चालायला लागलं, धूर कमी झाला. आप्पा खूश. मी बांधावर पाटाशी उभी होते आणि पाटात पाणीच पडेना. नुसती धार ठिबकत होती.

सर, तुम्ही वर्गात त्याचं कारण फळ्यावर मांडून दाखवलं होतंत. पंपाचा वेग पाचातला एक भाग कमी झाला, की पाणी वर चढवायची त्याची ताकद वेगाच्या वर्गानं कमी होते, म्हणजे ६४ टक्क्यांवर येते. जो पंप २० मीटर चढवू शकत होता तो १३ मीटरच्या आतच अडकतो. नदीपासून आमच्या बांधापर्यंतची चढण साधारण तेवढीच. पंपाला लागणारी ताकद तर वेगाच्या घनानं कमी होते, जवळजवळ निम्मी. म्हणजे डिझेल खरंच वाचत होतं, फक्त ज्यासाठी ते जाळायचं ते कामच होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी जुनी पुली परत लावली.

आता गेल्या मे महिन्यात या. मी, आई आणि भाचा तोरणमाळला निघालो. घाटात पुढे भरलेला ट्रक. त्याच्या मागे क्लच दाबत, थांबत, पुन्हा निघत चाललो होतो. आधी एसीची हवा कोमट झाली. मग तापमानाचा काटा वर सरकायला लागला. शेवटी गाडी कडेला घेतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई घाटातल्या उन्हात दगडावर बसली, डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची बाटली. ती एका शब्दानं बोलली नाही. भाचा बॉनेट उघडून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघू शकत नव्हते. "बसव" मीच म्हटलं होतं.

गाडी थंड करून, एसी बंद ठेवून आम्ही परत फिरलो आणि आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गॅरेजला गेलो. तो आज इथे आहे, मागच्या ओळीत. नाव घेऊ नको म्हणालाय, घेत नाही. दहावीनंतर त्याला शिकता आलं नाही. मला पाहून तो "या मॅडम" म्हणाला. मला फार लाज वाटली. नववीत भूमितीची माझी वही जो सांभाळून ठेवायचा, तो मला मॅडम म्हणत होता. आता म्हणत नाही.

त्यानं मल्टिमीटर लावला. इंजिन आयडलिंगला, हेडलाइट, पंखा आणि एसी चालू. जिथे १४ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत तिथे साडेबारा. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतच नव्हता, उलट बॅटरीच गाडी चालवत होती. व्होल्टेज उतरलं की रेडिएटरचा विजेचा पंखाही हळू फिरतो. पाण्याचा पंप तर आधीच हळू. घाटात दोन्ही बाजूंनी मार. रेडिएटर जुना होता, सगळा दोष मी पुलीवर टाकत नाही. पण जी थोडी मोकळीक शिल्लक होती, ती पुलीनं खाल्ली.

मग त्यानं जुनी पुली भाच्याच्या हातात दिली आणि विचारलं, "ही जड का आहे, कधी पाहिलंस?" आत लोखंडाचा एक भाग, बाहेर दुसरा, मधे रबराचं कडं. ते रबर वजनासाठी किंवा शोभेसाठी नसतं. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो. ठरावीक फेऱ्यांवर हा पीळ वाढत जातो. रबराचं कडं तो जिरवतं. नवी पुली म्हणजे अॅल्युमिनियमचा एकसंध तुकडा, त्यात रबर नाही. ज्या इंजिनाला हा डॅम्पर मुळातच दिलेला आहे, तिथे तो काढला की आज काही होत नाही. बेअरिंग, ऑइल पंप, क्रँक यांना हळूहळू किंमत मोजावी लागते. माझ्या पदवीला जे फोनवर सुचलं नाही, ते त्यानं हातातल्या वजनावरून सांगितलं.

त्या रात्री मी आणि भाचा हिशोब करायला बसलो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये जीन अॅमडाल यांचा १९६७ चा एक नियम आहे. एकूण कामाचा जो छोटा हिस्सा तुम्ही सुधारता, फायदा त्या हिश्श्यापुरताच मिळतो. समजा १०० अश्वशक्तीच्या इंजिनातल्या पाच पट्ट्यावर जातात. त्यातला पाचवा भाग वाचला तर मिळाली एक अश्वशक्ती. त्यातही अल्टरनेटरकडून फार वाचत नाही, कारण दिव्यांना वीज तेवढीच लागते, तो हळू फिरो की जोरात. आजच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं आणि जोरात अॅक्सिलरेटर दाबला की एसी आपोआप सुटतो. मग वाचवायला उरतं काय? आणि एक अश्वशक्ती डायनोवर नीट मोजणंही अवघड. दुपारच्या उन्हानं तेवढा फरक पडतो. मोजायचंच असेल तर एकाच दिवशी जुनी, नवी आणि पुन्हा जुनी अशी तीनदा मोजावी.

मग ही पुली बसवूच नये का? तसं नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथली गाडी काही सेकंद पळते, एसी नाही, आयडलिंगला रखडणं नाही, इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत. एवढ्या फेऱ्यांत पंप गरजेपेक्षा जोरात फिरतो, तो हळू केला तर फायदाच. तिथे डॅम्पर असलेली अंडरड्राइव्ह पुली आणि मापाचा आखूड पट्टा जरूर बसवा. पण जी गाडी सोमवारी कामाला जाते आणि रविवारी आईला घेऊन घाट चढते, तिला नको. तेच पैसे चांगल्या टायरला, ब्रेक पॅडला आणि रेडिएटर साफ करायला घाला. भाच्यानं तेच केलं. जुनी पुली परत बसली. दिवाळीत आई तोरणमाळला जाऊन आली.

मला एवढंच सांगायचं होतं. आपल्यापैकी अनेकांना आता मुलं, भाचे, पुतणे फोन करून विचारतात. आपण शिकलेले, म्हणून ते आपलं ऐकतात. मीटिंगमधून उत्तर देऊ नका. "गाडी कुठे चालवणार?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर आई उन्हात बसली नसती. आणि गावात ज्याचे हात ते काम रोज करतात, त्याला आधी विचारा. तो कदाचित तुमच्याच बाकावर बसलेला असेल.

मागच्या ओळीतल्या मित्रा, पुढे ये. जेवायला आपण एकत्र बसू.

सर, फळ्यावरचं ते गणित मला आठवायला तेहतीस वर्षं लागली. उशिराबद्दल क्षमा असावी.