परतीच्या आहेरात फुलांचं बी

शेवगावकडची बरीच लग्नं एप्रिल-मेच्या उन्हात लागतात. परतीचा आहेर म्हणून रोप द्यायची हौस चांगलीच, पण एसटीच्या प्रवासात ते माना टाकतं, आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरानं ते वाढवायचं कसं? उन्हाळी लग्नात बीच द्यावं, असं मला मनापासून वाटतं. झेंडू, गोकर्ण, तेरडा. पाऊस पडेपर्यंत कोरड्या जागी ते निवांत टिकतं.

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. फुलांचंही बी गावठीच धरावं. संकरित झेंडूच्या बियांतून पुढच्या वर्षी तशीच फुलं येतील याची खात्री नसते. फूल झाडावरच वाळू द्यायचं, बी सावलीत सुकवायचं, कागदी पुडीत बांधायचं. पुडीवर नाव आणि वर्ष लिहा. गोकर्णाचं बी टणक, ते रात्रभर भिजवून पेरायचं. गुलबक्षीचं बी मात्र वाटू नका: दिसायला थेट मिऱ्यासारखं, आणि विषारी. लहान मुलं चटकन तोंडात घालतात.

झेंडू जुलैच्या सुरुवातीला पेरलात, तर दसऱ्याच्या तोरणाला घरचीच फुलं मिळतील.