रिकाम्या गिरणीची वीज



आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. दळणाचा डबा घेऊन गेलं की गिरणीवाले काका तो ओळीत ठेवायचे आणि म्हणायचे, "तासाभरानं ये." आठ-दहा डबे जमल्याशिवाय ते मोटर सुरू करत नसत. पुढे अभियांत्रिकी शिकताना त्याचं कारण कळलं. जात्यात दाणा नसला तरी फिरती मोटर वीज खाते. काका डबे साठवत होते, त्यातून बिल वाचत होतं. आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे, तो त्या डब्यांच्या रांगेतूनच सांगता येतो.

आपण रेल्वेचं तिकीट काढतो, भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतो, नातवंडांचे फोटो साठवतो. या प्रत्येक कामाचं दळण कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर पडतं, आणि त्या सर्व्हरचं जातं म्हणजे त्याचा प्रोसेसर. एका युनिट विजेत हे जातं किती दळतं, हा आजचा विषय.

थोडं मागे जाऊ. १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला विजेचा चिमुकला खटका, लहान केला की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगानं चालतात आणि तरीही चिपची उष्णता वाढत नाही. जवळपास तीस वर्षं संगणक उद्योग या नियमावर जगला. २००५ च्या आसपास तो थकला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं. वेग वाढवावा, तर चिप तापायची. २००४ मध्ये इंटेलनं पेंटियम ४ च्या पुढची 'तेजस' नावाची चिप सोडून दिली आणि एका चिपवर एकाहून अधिक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी जाती, बसवण्याची वाट धरली.

या वाटेमागचं गणित घरी जाऊन वहीत मांडून पाहावं असं आहे. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता वेग २० टक्क्यांनी कमी करा. वेग कमी झाला की व्होल्टेजही साधारण तेवढंच उतरवता येतं, असं धरा. ०.८ ला ०.८ नं तीनदा गुणलं की ०.५१ येतं. काम २० टक्क्यांनी घटलं, वीज मात्र निम्मी झाली. उरलेल्या निम्म्या विजेत तसाच दुसरा कोअर चालवला, तर तेवढ्याच विजेत काम दीडपटीहून जास्त होतं. म्हणून आजच्या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये मध्यम वेगाचे पुष्कळ कोअर दिसतात. एएमडीच्या २०२३ च्या एका मालिकेत ते १२८ होते, इंटेलच्या २०२४ च्या मालिकेत १४४. अॅमेझॉननं २०१८ पासून आर्मच्या रचनेवर, म्हणजे मोबाइलमध्ये रुळलेल्या काटकसरी घराण्यावर, स्वतःचे ग्रॅव्हिटॉन प्रोसेसर बांधले, त्यामागेही हाच हिशेब होता.

पण हा हिशेब जातं भरून चालत असतानाचा झाला. खरी गळती निराळ्या ठिकाणी होती. २००७ च्या डिसेंबरमध्ये गूगलचे लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झल यांनी एक लेख लिहिला. पाच हजारांहून अधिक सर्व्हरची सहा महिन्यांची नोंद त्यांच्यासमोर होती. त्यातले बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या १० ते ५० टक्क्यांतच काम करत होते. अगदी रिकामे बसलेले नसत आणि पुरते भरलेलेही क्वचितच असत. आणि त्या काळचा चांगला सर्व्हरसुद्धा काहीही काम न करता आपल्या कमाल विजेच्या निम्मी वीज घ्यायचा.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, एका सर्व्हरला पूर्ण कामावर ४०० वॉट लागतात आणि रिकामं बसायला २००. २० टक्के काम असताना तो सुमारे २४० वॉट घेईल. म्हणजे काम पाचव्या हिश्शाचं आणि वीज ६० टक्के! जाहिरातीत छापलेली कार्यक्षमता इथे तिसऱ्या हिश्शावर येते. नुसतं रिकामं बसण्याचे ते २०० वॉट वर्षभर मोजले, तर १,७५२ युनिट होतात. आपल्याकडच्या एखाद्या साध्या घराच्या वर्षभराच्या वापराशी त्याची तुलना करून पाहा.

मग सर्व्हरनं काकांसारखे डबे का साठवू नयेत? कारण इथे गिऱ्हाइकाला "तासाभरानं ये" म्हणता येत नाही. पैसे पाठवायचं बटण दाबल्यावर उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हवं असतं. शिवाय काम हजारो सर्व्हरवर वाटलेलं असतं, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे दाणे सतत येत राहतात आणि गाढ झोपण्याइतकी उसंत कुणालाच मिळत नाही. बारोसो आणि होल्झल यांची मागणी म्हणून वेगळी होती. जातं फिरतं ठेवा, पण त्यानं दाण्यांच्या प्रमाणात वीज घ्यावी. थोडं काम, थोडी वीज; काम नाही, तर जवळपास वीज नाही. याला त्यांनी ऊर्जा-प्रमाणबद्धता म्हटलं.

नेमक्या त्याच सुमारास स्पेक या संस्थेची सर्व्हरची वीज मोजणारी चाचणी आली. ती सर्व्हरला पूर्ण भारावर चालवते, मग दर खेपेला १० टक्क्यांनी भार उतरवत नेते आणि शेवटी रिकाम्या सर्व्हरचीही वीज मोजते. सगळ्या पायऱ्यांवरचं काम आणि सगळ्या पायऱ्यांवरची वीज, असा भागाकार करते. रिकामपणी खाल्लेली वीज पहिल्यांदाच गुणपत्रिकेवर आली. मोजलं जाऊ लागलं आणि सुधारणा झाली. कोअर काही मायक्रोसेकंदांत डुलकी घेऊन उठू लागले, वेग आणि व्होल्टेज कामाबरोबर चढू-उतरू लागलं. व्हर्च्युअलायझेशननं एका यंत्रात अनेक सर्व्हरचं काम एकत्र आणलं, म्हणजे डबे साठवण्याची युक्ती वेगळ्या रूपात परत आली. या चाचणीत २००७ मध्ये दर वॉटमागे शेकड्यांत असलेले गुण २०२३ पर्यंत ३०,००० च्या पुढे गेले.

एक काम मात्र अर्धवट राहिलं आहे. कोअर झोपले, तरी त्यांना जोडणारं चिपमधलं जाळं, मेमरीच्या वाटा, नेटवर्कची दारं आणि पंखे जागेच राहतात. कोअर जितके जास्त, तितकं हे जाळं मोठं. जातं थांबलं, पण पट्टे फिरतच आहेत, अशी ती अवस्था आहे. पुढच्या पिढीच्या अभियंत्यांसाठी मला हे सगळ्यांत मोलाचं काम वाटतं.

या मेहनतीचं फळ जगाला मिळालेलं आहे. २०२० मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरमधलं काम साडेसहापट झालं आणि वीज वाढली फक्त सुमारे ६ टक्के. पण हे संरक्षण कायमचं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप एकेकट्या ७०० वॉट घेऊ लागल्या आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं, की वाफेचं इंजिन काटकसरी झालं तेव्हा इंग्लंडमधला कोळशाचा खप वाढला. दळण स्वस्त झालं की डबे वाढतात. म्हणून यंत्राच्या काटकसरीला माणसाच्या विवेकाची जोड लागते.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. देशातल्या डेटा सेंटरचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल इथल्या इमारतींना खिडक्या कमी आणि विजेच्या तारा जाड. ती वीज ज्या जाळ्यातून येते, त्याच जाळ्यावर आपली घरं आणि शेतपंपही आहेत.

तेव्हा तुमच्यापैकी जे बँकेत, महाविद्यालयात, महापालिकेत, कारखान्यात संगणकखरेदीच्या टेबलावर बसतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विक्रेत्याला कमाल वेग विचारता, तसंच हेही विचारा : २० टक्के कामावर हा सर्व्हर किती वॉट घेतो? रिकामा असताना किती? यंत्र आल्यावर वीज वाचवण्याची सोय सुरू आहे ना, हे पाहा. आणि वर्षातून एकदा सर्व्हर-खोलीत जाऊन प्रत्येक यंत्रापाशी थांबून विचारा, हा कुणासाठी चालू आहे? एका कचेरीत मी हे विचारलं होतं. एक सर्व्हर तीन वर्षं कुणाचंच काम करत नव्हता. तो बंद केला, त्या दिवशी कुणाचा फोनसुद्धा आला नाही.

काकांची गिरणी संध्याकाळी शेवटचा डबा दळून झाला की थांबायची. मग ते ब्रशनं जात्याभोवतीचं पीठ गोळा करायचे आणि भिंतीवरच्या मीटरकडे एकवार बघून मुख्य बटण खाली ओढायचे. ती एक नजर आपण आपल्या यंत्रांवर टाकूया.